न आलेल्या बाईचं मत

आमच्या गावच्या मतदार यादीची झेरॉक्स हाताळून हाताळून आता कापडासारखी मऊ पडली आहे. तिच्यात फक्त बायकांची नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण. बरोबरची खूण म्हणजे सही झाली. फुली म्हणजे बाई वारली, पण नाव यादीत राहिलं. ‘सा’ म्हणजे लग्न होऊन सासरी गेली, तरी नाव इथंच आहे. आणि ‘फ’ म्हणजे फडावर. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि पार चैत्रापर्यंत गावात म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं उरतात. यादीत सगळ्यात जास्त खुणा ‘फ’च्याच आहेत.

ही यादी आम्ही बचत गटाच्या बायकांनी केली, ती स्टँडजवळचं देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी. दारूबंदीचा मूळ कायदा १९४९ चा, पण आम्हाला उपयोगी पडला तो त्याच्या आधारानं २००८ साली निघालेला आदेश. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग बायकांचं गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असं हे मतदान आहे. सरकारी कागदांत इतका सरळ कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

अडचण आहे ती पुढच्या ओळीत. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. समजा, यादीत १,००० बायका आहेत. ६०० आल्या, ४९० जणींनी आडवीवर शिक्का मारला आणि ११० जणींनी उभीवर. आडवी चौपटीहून पुढे, तरी दुकान चालूच राहणार, कारण ५०१ झाली नाहीत. जी वारली, जी सासरी गेली, जी कुठल्याशा कारखान्याच्या फडावर पहाटे तीनला मोळ्या बांधते आहे, त्या सगळ्यांची मतं हिशेबात उभ्या बाटलीच्याच बाजूला जातात.

हे आम्हाला उशिरा कळलं. सुरुवातीला आम्ही मोर्चा काढला, घोषणा दिल्या, फोटो छापून आला. त्याचा उपयोग झाला. बायकांची भीड चेपली. पण खरं काम सुरू झालं ते संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी घरोघर जाऊ लागलो तेव्हा. एका घरी चुलीपुढे बसलेल्या मावशींनी शाईचा पॅड पाहिला, दाराकडे एकदा नजर टाकली आणि पिठाचा हात पदराला पुसून अंगठा पुढे केला. “ताई, ह्यांना कळलं तर?” मी म्हटलं, “मावशी, सही दिसते, मत दिसत नाही.” अंगठा उठला. मग त्यांनी तोच शाईचा अंगठा चुलीतल्या राखेत घासला. नवरा जेवायला बसेपर्यंत निळं काही दिसायला नको होतं.

पडताळणीच्या दिवशी त्या मावशी ओळखपत्र घेऊन स्वतः हजर होत्या. मतदानाच्या दिवशीही आल्या. आम्ही मात्र हरलो. आलेल्यांपैकी बहुतेक जणींनी बाटली आडवी केली होती, तरी निम्म्याचा आकडा गाठता आला नाही. मतदानाची तारीख दिवाळीनंतरची पडली होती.

दुकान बंद झालं की चोरटी विक्री वाढते, असं लोक सांगतात. खरं आहे ते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथल्या गावोगावच्या बायकांना आजही हातभट्ट्या मोडाव्या लागतात. शेजारच्या चंद्रपुरात बायका दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. म्हणून काही त्या चालल्या ते वाया गेलं असं मी मानत नाही. पण एकदा निकाल लागला म्हणून गट मोडून घरी बसता येत नाही, हे त्या दोन जिल्ह्यांकडे पाहिलं की पटतं. दुकान परवान्याचं असलं की पोराला तिथं उभं राहायची लाज वाटत नाही. चोरून घ्यायची झाली तर निदान लपावं तरी लागतं. हा फरक ज्या घरात पोरगा पंधरा-सोळाचा आहे, तिथल्या आईला विचारावा.

एक मागणी सरकारकडे आहे. ज्या गावांतून ऊसतोडीला माणसं जातात, तिथं हे मतदान दसऱ्याच्या आत घ्या. आणि मतदानाआधी यादी दुरुस्त करा. वारलेल्या बाईचं नाव दुकानदाराच्या कामी येऊ नये.

वाचणाऱ्या बायकांना एवढंच सांगते : तुमच्या गावात असं काही करायचं असेल, तर बॅनर छापण्याआधी मतदार यादी आणा, वही-पेन्सिल घेऊन चार जणी बसा आणि एकेक नाव वाचा. कोण कुठं आहे, कधी परत येणार, कुणाच्या घरी कुणी बोलायचं, हे आधी ठरवा.

आमच्या फडावरच्या बायका चैत्रात परततील. नवा अर्ज त्याच आठवड्यात द्यायचा, असं गटाच्या बैठकीत ठरलं आहे.