मुरंब्याहून निघालेली वाट

मुलांनो, तुमच्या गल्लीत बारावी झालेली एखादी ताई किंवा दादा असेलच. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या याद्या लागल्या, की त्या घरातलं वातावरण बघा. जो तो एकच विचारतो, "कम्प्युटर भेटलं का?" मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल नाहीतर सिव्हिल मिळालं, की ताई उशीत तोंड खुपसून बसते आणि बाबा गप्प पेपर वाचत राहतात. जणू सगळं संपलंच! या ताईसाठी, आणि तिच्या बाबांसाठीसुद्धा, आज एक खरी गोष्ट सांगते.

अकोल्याहून बडनेऱ्याकडे रेल्वेनं निघालात, की मध्ये मूर्तिजापूर लागतं. त्या तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. हसू नका, बरणीतला मुरंबा नव्हे! या गावी ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय भटकर यांचा जन्म झाला. 'परम' हा भारतीय महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, तेच हे डॉ. भटकर.

त्या वेळी इंजिनिअरिंग शिकायचं तर वऱ्हाड सोडावं लागे. अमरावतीचं सरकारी कॉलेज निघालं १९६४ साली. बडनेऱ्याचं आणि शेगावचं तर थेट १९८३ मध्ये. भटकर नागपूरला विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. (आज त्यालाच व्हीएनआयटी म्हणतात.) १९६५ साली ते बी.ई. झाले, तेव्हा त्यांना एकोणिसावं वर्ष चालू होतं.

आणि बरं का, त्या कॉलेजात तेव्हा कम्प्युटरची शाखाच नव्हती! देशात कम्प्युटर होते, पण अगदी थोडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६० मध्ये स्वतः एक बांधला होता, कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये एक आला होता. असे एकेक करून सांगण्याइतकेच. मग पुढे महासंगणक बांधणारा हा विद्यार्थी शिकला काय? तर इंजिनिअरिंगच. बडोद्याहून १९६८ मध्ये एम.ई., दिल्लीच्या आयआयटीतून १९७२ मध्ये पीएच.डी. पुढे तिरुवनंतपुरमला इलेक्ट्रॉनिक्समधलं संशोधन. बी.ई. ते 'परम' यात २६ वर्षं गेली. याद्यांच्या दिवसांत एवढ्या लांबचं कुणाला दिसत नाही.

हा महासंगणक हवा कशाला होता? मुख्य म्हणजे पावसाचा अंदाज काढायला. ढग, वारा, तापमान यांची कोट्यवधी गणितं झटपट व्हायला हवीत. उद्याच्या पावसाचं उत्तर परवा मिळून काय उपयोग? भारतानं अमेरिकेकडे मोठे संगणक मागितले, तर अमेरिकेनं अटी घातल्या आणि मागितलेलं यंत्र काही दिलं नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली आणि भटकर तिचे पहिले संचालक झाले. तीन वर्षांची मुदत होती. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

त्यातली युक्ती आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना पटकन कळेल. कापूस फुटला आणि वेचायला एकच बाई असली, तर ती कितीही चपळ असो, दिवस लागणारच. त्याऐवजी साध्याच चौसष्ट बाया लावल्या आणि प्रत्येकीनं आपली पात धरली तर? 'परम'मध्ये असंच केलं. एकच अतिवेगवान मेंदू शोधत न बसता बाजारात मिळणाऱ्या अनेक चिप एकत्र जोडल्या आणि काम वाटून दिलं. पण वाटून दिलं की भागत नाही. दोघींनी एकच पात धरू नये, हिचं झालं की तिला कळावं, हे बघावं लागतं. म्हणून त्यात वापरलेल्या चिप अशा होत्या, की त्या शेजारच्या चिपशी थेट बोलू शकत. त्यांना 'ट्रान्सप्युटर' म्हणत.

आता सांगा, असं यंत्र नुसते प्रोग्रॅम लिहिणारेच बांधतील का? त्याला वीज पुरवायची, ते तापतं म्हणून थंड ठेवायचं, पावसाचं गणित त्याला समजेल असं मांडायचं. इलेक्ट्रिकलवाली, मेकॅनिकलवाली, गणितवाली, सगळी माणसं लागतात. शाखेला काही अर्थच नाही, असं मी म्हणणार नाही. कम्प्युटरची खरी आवड असेल आणि मिळत असेल, तर जरूर घ्यावं. पण नाही मिळालं म्हणून रडणाऱ्या ताईला एवढं विचारा, "तुला मिळालेल्या शाखेचं पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडून पाहिलंस का गं?" बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. आईबाबांनो, ते पुस्तक तुम्हीही चाळायला हरकत नाही.

करून पाहा : १ ते ६४ या अंकांची बेरीज एकट्यानं करा आणि किती वेळ लागला ते लिहा. मग आठ मित्र जमवा. पहिल्यानं १ ते ८, दुसऱ्यानं ९ ते १६, असे आठ-आठ अंक घ्या आणि शेवटी आठही बेरजा मिळवा. उत्तर दोन्ही वेळा २०८० यायला हवं. १ ते ८ वाल्याचं चटकन होईल आणि ५७ ते ६४ वाल्यासाठी सगळे खोळंबतील! कुणाला रिकामं बसावं लागणार नाही अशी अंकांची वाटणी कशी करायची, ते तुम्हीच शोधा. ताईला सोबत घेतलंत तर आणखी बरं.