एका रिपोर्टवर निकाल नको

मालवणातल्या घरी लॅबचा कागद येतो. त्यावर अँटिकार्डिओलिपिन, आयजीजी, एक आकडा आणि शेजारी ‘पॉझिटिव्ह’. दोनदा गर्भ गेलेल्या बाईच्या घरात त्या शब्दाचा पहिला अर्थ लागतो तो ‘दोष हिच्यातच आहे’ असा. म्हणूनच ही तपासणी कधी करावी आणि किती मानावी, हा प्रश्न डॉक्टरांपुरता राहत नाही.

ती लवकर करावी म्हणणाऱ्यांचं म्हणणं वजनदार आहे. 1983 साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाने अँटिकार्डिओलिपिन ही प्रतिद्रव्यं मोजायची पद्धत दिली आणि रक्तातल्या गुठळ्या, ऐन तरुणपणातला पक्षाघात, वारंवारचे गर्भपात यांना जोडणारा धागा हाती आला. ल्युपस या आजाराच्या तीस-चाळीस टक्के रुग्णांत ती सापडतात. शिवाय उपाय आहे: कमी मात्रेतली अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं. त्यांच्या आधाराने कित्येक बायकांचं बाळंतपण सुखरूप पार पडतं. उपाय असताना कारण शोधायला उशीर का करावा?

तथापि, हीच प्रतिद्रव्यं मलेरिया, कुष्ठरोग, सिफिलिस यांतही दिसतात. चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस) आढळली आहेत. लावणीच्या चिखलात दिवस काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे विसरून चालणार नाही. गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं बहुधा बीटा-2 ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाला धरतात; संसर्गातली बहुतेकदा थेट कार्डिओलिपिनला चिकटतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. धडधाकट माणसांतही शंभरात एक ते पाच जणांत ती मिळतात. अशांना रक्त पातळ करणारी गोळी वर्षानुवर्षं दिली, तर रक्तस्रावाचा धोका विनाकारण गळ्यात पडतो.

यासाठीच पुन्हा तपासणीचा दंडक आहे. या प्रतिद्रव्यांमुळे होणाऱ्या आजाराच्या निदानासाठीच्या सापोरो निकषांत दोन तपासण्यांतलं अंतर 6 आठवडे होतं, 2006 च्या सिडनी निकषांनी ते 12 केलं. पण दुसऱ्या बाजूला, गरोदर बाईचे 12 आठवडे म्हणजे जवळजवळ पहिली तिमाही. तिला नुसतं ‘थांबा’ म्हणणं क्रूर आहे.

अडचण आणखी एक. अँटिकार्डिओलिपिनसाठी सीरम थंड डब्यातून दूर पाठवता येतं. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट ही तपासणी धोका अधिक नेमका सांगते, पण तिच्यासाठीचा प्लाझ्मा यंत्रात दोनदा फिरवून लगेच गोठवावा लागतो. त्यासाठी गोव्यातल्या बांबोळीची नाहीतर मुंबईची वाट धरावी लागते. रोजंदारी बुडते ती वेगळीच. सोयीची तपासणी आणि खात्रीची तपासणी इथे एक नाहीत.

माझा कल पुन्हा तपासण्याकडे आहे, मात्र सवलतीसह. गर्भ गमावलेली बाई पुन्हा गरोदर असेल, तर तिचा इतिहास पाहून डॉक्टरांनी उपचाराचा निर्णय 12 आठवड्यांवर ढकलू नये. बाकीच्यांच्या पहिल्या रिपोर्टवरच पेनाने दोन गोष्टी लिहून द्याव्यात: अलीकडे ताप येऊन गेला का, आणि पुढच्या तपासणीची तारीख.