गळफांदी वेळेवर काढा : पऱ्हाटीची आणि धोरणाचीही



कापूस पिकत नाही याचे खापर फोडायला सरकारला दर हंगामात एक नवे डोके लागते. कधी पाऊस नडतो, कधी बोंडअळी, आणि काहीच सापडले नाही तर शेतकऱ्याचे 'अज्ञान' तर हाताशी असतेच. आता गावोगाव नवा उपदेश चालू आहे : गळफांदी काढा, शेंडा खुडा, उत्पादन वाढवा. उपदेश खोटा नाही. पण तो केव्हा, कोणत्या शेतात आणि कोणाच्या खर्चाने अमलात आणायचा, हे उपदेशक सांगत नाहीत. अर्धवट सांगितलेले तंत्र कोरडवाहू शेतकऱ्याला तंत्र नसण्यापेक्षा महाग पडते. म्हणून आधी तंत्राचे बोलू, मग धोरणाचे.

गळफांदी म्हणजे काय?

पऱ्हाटीला दोन जातीच्या फांद्या येतात. खालच्या तीन-चार पेरांतून जी सरळ वर चढते, खोडाशी स्पर्धा करते आणि जिच्यावर थेट पाती लागत नाही, ती गळफांदी. तिच्या वर जी आडवी, नागमोडी जाते आणि जिच्या प्रत्येक पेराला पानासमोर पाती असते, ती फळफांदी. गळफांदीला बोंड येतच नाही असे नाही. पण तिला आधी स्वतःच्या फळफांद्या फोडाव्या लागतात, मग पाती, मग फूल. तिचा माल मागून येतो. ज्वारीचा पोंगा खोडमाशीने मेला की बुडातून फुटवे येतात आणि त्यांची कणसे उशिरा निसवतात, तसाच हा प्रकार. ओल संपत आलेली असते, आणि उशिराचे बोंड म्हणजे गुलाबी बोंडअळीला मांडलेले ताट. 2017 साली या अळीने महाराष्ट्राचा कापूस कसा खाल्ला, ते कोणी विसरलेले नाही.

दाट लावणीत गळफांद्या ठेवल्या तर तासे मिटतात. खाली ऊन जात नाही, वारा खेळत नाही, पात्या गळतात, बुडाची बोंडे सडतात. फवारणाऱ्याला वाट राहत नाही. त्याच 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारा मारला की तो तोंडावर येतो, हे तेव्हाच्या चर्चेत पुढे आलेले एक कारण होते. झाडाचा आकार हा नुसता क्विंटलचा हिशेब नाही, माणसाच्या जिवाचाही आहे.

वेळ चुकली की विळा आपल्याच पोटावर

गळफांदी काढायची ती साधारण पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांत, पहिल्या फळफांद्यांवर पात्या दिसू लागतात तेव्हा. त्या वयात फांदी कोवळी असते. कात्रीने, नाहीतर नुसत्या बोटानेही निघते. झाडाने तिच्यात फार काही गुंतवलेले नसते. ती खोडाजवळून काढायची, मात्र तिच्या बुडाशी असलेले खोडाचे मोठे पान राखायचे.

हेच काम पोळा उलटल्यावर, झाड फुलांनी भरल्यावर केले तर काय होते? फांदी लाकडासारखी झालेली असते. तिच्यावर पात्या असतात, फुले असतात, एखादे बोंडही असते. ती तोडणे म्हणजे झाडाने खाल्लेले खत आणि प्यायलेले पाणी बांधावर फेकणे. वरून मजुरी दुप्पट, आणि धक्क्यामध्ये ओरबाडल्या जाणाऱ्या फळफांद्या वेगळ्याच. तेव्हा नियम साधा ठेवा : पात्या लागताना काढा, फुलोऱ्यात राहून गेली असेल तर तिला हात लावू नका. त्यानंतर करायचे ते एकच काम, झाड कमरेच्या वर, तीन-साडेतीन फुटांवर गेले की शेंडा खुडणे. भर फुलोऱ्यातल्या पिकात गळफांदी तोडून दाखवणाऱ्या साहेबाला एवढेच विचारा : साहेब, ही तोडलेली बोंडे कोणाच्या खात्यात टाकायची?

सरसकट विळा चालवू नका

चार बाय दोन फुटांवर लावलेल्या पऱ्हाटीला मोकळी जागा असते. ती जागा गळफांदीच भरून काढते आणि मालही देते. तिथे ती काढली तर ऊन जमिनीवर वाया जाईल आणि तणाला मोकळे रान मिळेल. नांगे पडलेल्या तासात खड्ड्याशेजारच्या झाडाची गळफांदी राखा. रोह्याने किंवा हरणाने शेंडा खाल्ला असेल, तर त्या झाडाची गळफांदी हाच आता त्याचा शेंडा. हलक्या रानात पावसाचा खंड पडून झाड वीतभर राहिले असेल, तर कात्री घरीच ठेवा.

ही पद्धत परभणीच्या दादा लाड यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे ती शेतकऱ्याच्या बांधावरून आली. ती दाट लावणीसाठी आहे, तीन बाय एक फुटाच्या आसपास. ही अट गाळून उरलेले तंत्र सांगणे म्हणजे बैल न देता जू देणे.

दाट लावणीचा हिशेब कोण देणार?

आता धोरणाकडे या. चार बाय दोन फुटांवर एकरात सुमारे 5,445 झाडे बसतात. तीन बाय एक फुटावर 14,520. म्हणजे बियाणे अडीच पटीहून जास्त. 2025 च्या हंगामात बीजी-2 संकरित सरकीच्या पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. दोन पाकिटांत भागवणाऱ्याला पाच घ्यावी लागली, तर 1,802 च्या जागी 4,505 रुपये मोजावे लागतात, तेही पाऊस पडेल की नाही ते ठाऊक नसताना. दुबार पेरणी आली तर पुन्हा तेवढेच.

जगातले बहुतेक देश कापसाची सरळ वाणे लावतात. त्यांची सरकी घरी राखता येते. आपल्याकडे 1970 साली एच-4 आले आणि तेव्हापासून आपण दरवर्षी पाकीट विकत घेणाऱ्या संकरित वाणांच्या मागे लागलो. दाट लावणीला लागते बुटके, आटोपशीर, एकदम फुटणारे सरळ वाण. ते पाकिटाच्या धंद्याला परवडत नाही, आणि सरकारी संशोधनाने ते पुरेशा प्रमाणात शेतात पोहोचवलेले नाही. नवे जनुकीय तंत्र परवान्यांच्या फायलीत अडकते. 2019 च्या जूनमध्ये अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी सरकी उघडपणे लावली, ती याच कोंडीमुळे. वाण निवडण्याचे स्वातंत्र्य द्यायचे नाही आणि कात्री मात्र हातात द्यायची, हा कोणता न्याय?

आणि समजा, सगळे जमले. गळफांदी वेळेवर निघाली, शेंडा खुडला, दोन क्विंटल जास्त पिकले. पुढे काय? 2010 साली आणि पुन्हा 2012 साली बाहेर भाव होता तेव्हा कापसाची निर्यात रोखली. 2025 च्या ऑगस्टमध्ये आपली बोंडे फुटायच्या बेतात असताना आयातीवरचा 11 टक्के कर उठवला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपल्या वेचणीचा काळ. आम्ही खुल्या बाजाराला कधीच भ्यालो नाही. पण हे दार एकाच बाजूने उघडते : माल आत येताना सताड, बाहेर जाताना कुलूप. उत्पादन वाढवा म्हणणारा आणि वाढलेल्या उत्पादनाचा भाव पाडणारा एकच असेल, तर त्याच्या उपदेशाला दाद का द्यावी?

बैठकीपुढे ठेवण्यासाठी

जिल्हा बैठकीत या चार गोष्टींवर ठराव व्हावा. एक, प्रत्येक गावात दोन-चार शेतकऱ्यांनी शेजारशेजारच्या तासांत गळफांदी काढून आणि राखून पाहावे, मजुरी व माल दोन्ही लिहून ठेवावे, आणि तो हिशेब पुढच्या बैठकीत मांडावा. दोन, प्रात्यक्षिके पात्या लागताना झाली पाहिजेत. त्यानंतर आलेल्या पथकाला बांधावरूनच नमस्कार करावा. तीन, सघन लागवडीसाठी सरळ वाणांची सरकी मिळावी आणि बियाणे निवडण्याचे स्वातंत्र्य असावे. चार, पेरणीच्या वेळी असलेले आयात-निर्यातीचे धोरण वेचणी संपेपर्यंत बदलू नये.

पऱ्हाटीची गळफांदी आपण चाळिसाव्या दिवशी ओळखतो. सरळ वर चढते, अन्न खाते, सावली धरते आणि माल द्यायची वेळ आली की मागे राहते. अशाच काही फांद्या दिल्ली-मुंबईच्या खोडालाही फुटलेल्या आहेत. त्यांना फुलोऱ्यापर्यंत वाढू द्यायचे नसेल, तर बैठकीला या.