छातीत दुखलं तर त्याला गॅस म्हणू नका

वर्धा जिल्ह्यातल्या मायबहिणींनो, भावांनो,

पऱ्हाटी फुटली आहे, वेचणी जोरात आहे आणि पहाटेचा गारठा अंगाला झोंबू लागला आहे. हृदयाला जड जाणारे दिवस हेच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकाराचे झटके पहाटेपासून सकाळपर्यंतच्या वेळात अधिक येतात. म्हणून हे आवाहन आजच करतो आहे. उन्हाळ्यात करून उपयोग नाही.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जेवण आटोपलेलं असतं. घरातले काकाजी छातीवर हात ठेवून खाटेवर बसतात. कपाळावर घाम असतो. कुणी विचारलं तर म्हणतात, "काई नाई, गॅस झाला वाटते." मग ओवा येतो, सोडा येतो, हिंगाचं पाणी येतं. कुणी पाठ चोळतं, कुणी तळपायाला तेल लावतं. शेवटी ठरतं की सकाळी पाहू. त्या सकाळपर्यंत हृदयाचा जो भाग मेला, तो पुन्हा जिवंत होत नाही.

झटका म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकणं. पलीकडच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि मिनिटामिनिटाला तो मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तास-दोन तासांत दिलं तर सर्वाधिक कामाचं. बारा तासांपर्यंत थोडाफार फायदा होतो, पण दर तासाला तो घटत जातो. ओव्याने पोटातला वायू सुटेलही. धमनीतल्या गुठळीला ओवा काहीही करत नाही.

छातीच्या मधोमध दडपल्यासारखं किंवा आवळल्यासारखं होणं, ते दुखणं जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात उतरणं, गार घाम, मळमळ, श्वास न पुरणं, यातलं काहीही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर घरगुती उपाय बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, अंगातलं त्राण जातं, बेंबीच्या वर जळजळतं. वावरातून आलेली बाई "आज लय थकली" म्हणून भिंतीला टेकते आणि घरचे तिला चहा देतात. तिला घाम सुटला असेल आणि दम लागला असेल तर चहा ठेवून आधी फोन करा. आजाऱ्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. महाराष्ट्रात १०८ ची गाडी २०१४ पासून धावते आहे, तिच्यात डॉक्टर असतो. ॲस्पिरिनची गोळी चावून द्यायची का, तेही त्यालाच विचारा. आपल्या मनाने देऊ नका.

आता जे सांगायचं आहे ते काहींना रुचणार नाही. या जिल्ह्यात निसर्गोपचाराला बोल लावणं म्हणजे घरच्या देवाला बोल लावण्यासारखं आहे. गांधीजी १९३६ साली शेगावात येऊन राहिले, त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. बापूकुटीत त्यांचं मालिशचं टेबल आणि आंघोळीचा टब आजही पाहायला मिळतो. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, उपवास, कच्च्या भाज्या, रोजचं फिरणं हे सगळं त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिलं आणि मग इतरांना सांगितलं. माझा या परंपरेवर राग नाही. माझा राग तिच्या अर्ध्या सांगण्यावर आहे.

उरलेलं अर्धं असं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये गांधीजींच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात फेब्रुवारी १९४० मधला त्यांचा रक्तदाब २२० वर ११० आहे. शाकाहारी, निर्व्यसनी, काटकुळा, रोज मैलोगणती चालणारा माणूस, आणि दाब २२०! मुख्य म्हणजे त्यांनी तो मोजून घेतला होता, पुन्हा पुन्हा मोजून घेतला होता. हृदयाचा आलेखही काढून घेतला होता. रक्तदाबासाठी ते सर्पगंधा घेत. त्याआधी जानेवारी १९२४ मध्ये कैदेत असताना आंत्रपुच्छ सुजलं, तेव्हा मातीच्या पट्टीवर विसंबून न राहता त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज सर्जनकडून शस्त्रक्रिया करून घेतली. निसर्गोपचाराचा सर्वात मोठा पुरस्कर्ता वेळ आल्यावर टेबलावर झोपला. आपण मात्र त्याचं नाव घेऊन गोळ्या उकिरड्यावर टाकतो.

१९४२ या एका वर्षाकडे पाहा. ११ फेब्रुवारीला वर्ध्यात गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज मेंदूत रक्तस्राव होऊन अचानक गेले. वय बावन्न. १५ ऑगस्टला आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई हृदयविकाराने गेले. वय पन्नास. हेच महादेवभाई मगनवाडीतून सेवाग्रामला पायी जात आणि पायीच परतत, वर्ध्याच्या उन्हातसुद्धा. दोघांचं खाणं साधं, व्यसन कुठलंही नाही. सात्त्विक जेवतो, चालतो, म्हणून मला काही होणार नाही असं मानणाऱ्यांनी हे दोन दिवस लक्षात ठेवावेत. त्या काळी रक्तदाबावर आजच्यासारखी औषधंच नव्हती. आज ती प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि आपण ती महिनाभर खाऊन "बरं वाटते आता" म्हणून सोडतो. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून तो वाटण्यावरून कळत नाही. यंत्रावरच कळतो.

सर्पगंधेची गोष्ट पुढे गेली, ती मला फार मोलाची वाटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, परिणाम मोजले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. तीनच वर्षांत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं आणि जगभर वापरलं गेलं. पुढे त्याने काहींचं मन खचतं, उदासी येते हेही दिसलं आणि अधिक चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. झाडपाल्याचं औषध इंग्रजी औषधाचं वैरी नसतं, पण मात्रा आणि परिणाम मोजल्याशिवाय ते औषध ठरत नाही. आठवडी बाजारात कापडावर मुळ्या मांडून बसलेला माणूस मात्रा मोजत नाही. डॉक्टरची गोळी चालू असताना तीच मुळी वर घेतली तर दाब इतका खाली येऊ शकतो की माणूस चक्कर येऊन पडेल.

मोबाईलवर फिरणाऱ्या त्या रसाबद्दलही बोललंच पाहिजे. लिंबू, आलं, लसूण, सफरचंदाचा सिरका एकत्र आटवायचा, मध घालायचा, रोज सकाळी चमचाभर घ्यायचा आणि म्हणे हृदयाच्या सगळ्या ब्लॉकेज उघडतात. उघडत नाहीत. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचलेला थर पोटात गेलेल्या रसाने धुऊन निघत नाही. रस आवडत असेल तर प्या. अँजिओग्राफीची तारीख मात्र त्यापायी पुढे ढकलू नका. अर्जुनाच्या सालीचंही तेच. काढा घेत असाल तर डॉक्टरला सांगून घ्या, गोळी बंद करून घेऊ नका.

मग निसर्गाच्या वाटेने काहीच करायचं नाही का? करायचं, आणि पुष्कळ करायचं. पहिली गोष्ट खर्रा. १९७५ पासून आपला जिल्हा दारूबंदीचा म्हणवतो आणि चौकाचौकात सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटणं चालू असतं. खर्ऱ्याने तोंडाचा कर्करोग होतो हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. निकोटिन नाडी वाढवतं, दाब वाढवतं, धमन्या आकसवतं, हे कुणी सांगत नाही. ज्याने खर्रा सोडला त्याने हृदयासाठी कुठल्याही काढ्यापेक्षा मोठं काम केलं.

दुसरं मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपला ठेचा, लोणचं, पापड, कुरडई आणि वरणात पुन्हा वरून मीठ, इतक्यात ती सकाळीच संपते. रक्तदाब असणाऱ्याने मीठ कमी केलं तर वरचा आकडा साधारण पाचेक अंकांनी उतरतो, रोजच्या चालण्याने जवळपास तेवढाच. ही कमाई लहान नाही. पण ज्याचा दाब १७० आहे त्याने हिशेब करून पाहावा. दहा वजा करून १६० राहतात. उरलेल्यासाठी गोळी लागते. दोन्ही एकत्र चालतात, त्यात भांडण नाही.

ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे आपलं मूळचं जेवण हृदयाला आणि आतड्याला दोघांनाही मानवतं. जवसात तंतू आहे आणि ओमेगा ३ जातीची चरबीही आहे. फक्त चटणीत मीठ हात राखून घाला. लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल थोडं जपून बोलतो. मगनवाडीत कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाने घाणी जपली ती गावच्या तेल्याला काम मिळावं आणि ताजं तेल पोटात जावं म्हणून. आता तेच तेल हृदयाचं औषध म्हणून दुप्पट भावाने विकलं जातं. तेल चांगलंच आहे. पण घाण्याचं असो की कारखान्याचं, एका ग्रॅमला नऊ कॅलरी ठरलेल्या. भज्यांची कढई घाण्याच्या तेलाने भरली म्हणून भजी पथ्याची होत नाहीत. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे. ती भाजीत घाला.

कमरेचं बोलू. वेचणीत दिवसभर वाकून ओटी भरणारी बाई आणि कापसाचं बोचकं उचलणारा माणूस, दोघांचीही कंबर या दिवसांत धरते. लचक भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याने पाय लावला की लचक उतरते, हा आपला जुना उपाय. त्यात गंमत अशी की साधी लचक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच उतरते. पाय कुणाचाही लागो वा न लागो. अंथरूण धरून पडून राहिलात तर उलट ती लांबते. शेक घ्या, सोसेल तितकं चाला, ओझं अंगाशी धरून गुडघ्यातून उचला, ओटी अर्धी झाली की रिकामी करा. शेतमालकांनाही विनंती आहे की मजुरी किलोवर आहे म्हणून बाईने पाठ मोडावी अशी घाई लावू नका.

मात्र काही कमरा लचकेच्या नसतात. दोन्ही पायांतली ताकद जाणं, बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उशीर झाला तर पाय कायमचे जातात. रात्री वाढणारं दुखणं, सोबत बारीक ताप आणि घटतं वजन असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो, तो चोळून बरा होत नाही. पुडीतल्या त्या काळपट भुकटीपासून तर दूरच राहा. पहिल्या दिवशी घेतली की कंबर मोकळी होते म्हणून तिची कीर्ती. अशा बिननावाच्या भुकट्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. काही महिन्यांत तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात व्रण होतो.

पोटाच्या व्रणावरून विनोबा आठवतात. १९३८ मध्ये प्रकृती पार ढासळली तेव्हा ते पवनारला धाम नदीकाठी येऊन राहिले. शेतात खोदकाम केलं, चिंता बाजूला सारल्या आणि वजन भरून आलं. उघडी हवा, श्रम आणि शांत मन यांनी काय होतं त्याचा तो आपल्याच मातीतला पुरावा. पण पुढे पदयात्रेत पोटातल्या अल्सरने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. दूध-दह्यावर राहून ते चालत राहिले. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारलाच ते गेले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी पोटात राहणारा एक जंतू वाढवून दाखवला. बहुतेक अल्सरच्या मुळाशी तो किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. तो जंतू आज साधारण दोन आठवड्यांच्या औषधाने जातो. जो त्रास विनोबांना वर्षानुवर्षं सोसावा लागला, तो तुम्ही सोडा पिऊन का सोसता?

काळी डांबरासारखी शौच, गिळताना अडकणं, घटणारं वजन, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं अपचन, यांना पित्त म्हणू नका. बेंबीजवळ सुरू होऊन उजव्या ओटीपोटात स्थिरावलेलं दुखणं असेल तर "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेऊ नका. सुजलेलं आंत्रपुच्छ चोळण्याने फुटू शकतं.

तर आता नेमकं काय करायचं ते सांगतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात गावच्या उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. ती मोफत मोजतात. आशाताई घरी आल्या तर "नंतर या" म्हणू नका. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आला तर घाबरायचं नाही, पुन्हा दोनदा मोजायचं आणि डॉक्टरला भेटायचं. गोळी सुरू असेल तर थांबवायची की नाही हे भगत, शेजारी, व्हॉट्सॲप यांनी ठरवायचं नाही. कुठलाही काढा घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरला पुडीसकट दाखवा. डॉक्टरांनाही हात जोडून सांगणं आहे की पुडी दाखवणाऱ्यावर खेकसू नका. पुढच्या वेळी तो लपवेल.

सरपंचांनो, बचत गटाच्या ताईंनो, पुढच्या ग्रामसभेत एकच विषय घ्या. आपल्या गावात रात्री अकरा वाजता कुणाच्या छातीत दुखलं तर हृदयाचा आलेख सर्वात जवळ कुठे निघतो? सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं रुग्णालय, वर्ध्याचं सामान्य रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालयं, यांपैकी तुमच्या गावाला कोणतं जवळ आहे? आष्टी, कारंजा, समुद्रपूरकडच्या आतल्या गावांना हा प्रश्न अधिक लागू आहे, कारण तिथे अंतर मोठं आहे. रात्री चालवायला तयार असलेल्या दोन गाड्यांच्या मालकांची नावं आणि फोन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, १०८ च्या खाली. गाडी यायला वेळ लागणार असेल तर कुणाला उठवायचं हे सगळ्या गावाला आधीच माहीत असू द्या.