गळाचे वेड

मध्यंतरी गावातील एका बाईंनी तक्रार केली, "फादर, ह्यांना जरा समजावा. तिन्हीसांजेला गरी घेऊन मानशीवर बसतात, ते मध्यरात्री परततात. आणि आणतात काय? दोन शेवटे!" तक्रार रास्त होती. रापणीवर राबणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही, त्याचे ते पोट आहे. पण ज्याला बाजारात मासळी मिळते, त्याने डास का सोसावेत?

हे वेड जुने आहे आणि वयाला जुमानीत नाही. आयझॅक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने गळाच्या छंदावरील आपला ग्रंथ १६५३ साली साठीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध केला, आणि १६७६ पर्यंत, ऐंशी उलटल्यावरही, तो त्यात भर घालीतच होता.

स्किनर आणि फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरील आपले प्रयोग ग्रंथरूपाने मांडले. किती टोचा मारल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला, म्हणजे कबूतर टोचीतच राहते. दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. गळाचे तेच, आणि मटक्याचेही तेच. तेव्हा बाईंची भीती अगदीच निराधार नव्हती.

म्हणून एका संध्याकाळी मीच मानशीवर जाऊन बसलो. उपदेश करावयास गेलो होतो, हे कबूल करतो. गृहस्थ हलक्या आवाजात सांगू लागले: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, मानशीच्या दाराशी पाण्याला ओढ लागली की लहान मासळीवर टपलेला चणक तेथेच दबा धरतो. त्या रात्री एकही मासा लागला नाही. "फादर, आज गरी खोल गेली," एवढेच ते म्हणाले. मटक्याचा कालचा आकडा आजच्या आकड्याविषयी काहीच शिकवीत नाही. रिकामी वर आलेली गरी मात्र काहीतरी सांगून जाते. पुन्हा गरी टाकावीशी वाटते ती केवळ माशाच्या लोभाने नव्हे, आपला अंदाज खरा ठरतो की नाही हे पाहण्यासाठीही.

तरी घरी वाट पाहणाऱ्या माणसाचे काय? शनिवारखेरीज जेवणाच्या वेळेला घरी परतावे, एवढे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. ते त्यांनी पाळलेही.

गेल्या रविवारी बाई पुन्हा भेटल्या. आता शनिवारी धाकटा मुलगाही बापाबरोबर जातो म्हणे, आणि शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर भरतीच्या वेळा लिहून ठेवतो.