हुरड्यावरची हळहळ

थंडी पडली की मराठी मध्यमवर्गाला गाव आठवते. आम्हालाही आठवते. आम्ही चौघे मराठीचे अध्यापक. तिघांचे वडील शेतकरी. तरीही गेल्या पौषात माणशी ठरलेली रक्कम भरून आम्ही सोलापूरकडच्या एका शेतावर हुरडा खायला गेलो. परतल्यावर आमच्यातल्या एकाने 'मातीची ओढ', 'मुळांकडे परतणे' अशा शब्दांनी नटलेले टिपण लिहिले आणि उरलेल्यांनी त्याची वाखाणणी केली. हा लेख त्या टिपणाविरुद्ध, म्हणजे आमच्याचविरुद्ध आहे.

हुरडा उत्तम होता, हे आधी नोंदवतो. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे, तळहातांवर चोळून पाखडलेले हिरवे, गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. तक्रार पदार्थाविषयी नाही. प्रश्न एवढाच, की ज्या पिकाचे हे कोवळे रूप, त्या पिकाचे काय झाले?

शेतमालकाने काहीही न लपवता सांगितले : रस्त्यालगतचा अर्धा एकर गुळभेंडी पाहुण्यांसाठी, बाकी सगळा ऊस. ज्वारी हाताने उपटून काढायची, त्याला मजूर मिळत नाहीत. पाखरे राखायला माणूस नाही. आणि उसाला कारखाना आहे, तसा ज्वारीला भरवशाचा घेणारा नाही. कणसे चोळून देणाऱ्या बाईंना आम्ही भाबडेपणाने विचारले, "मावशी, तुमच्याकडे रोज भाकरीच असेल?" त्या हसल्या. "ज्वारी घेणं परवडतंय व्हय? रेशनच्या गव्हाच्या चपात्या करतो."

ग्रामीण सहलींवरच्या आपल्या लेखनातले सगळे खोटेपण या उत्तरापुढे उघडे पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जानपद गीतांनी गावाचे गोड चित्र रंगवले, असा आक्षेप आम्ही वर्गात घेतो. आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) शिकवताना शेतातल्या राबणुकीविषयी गंभीर होतो. आणि शनिवारी गाडी काढून स्वतःच एक जानपद गीत गद्यात लिहून येतो!

जुन्या दिवसांची हळहळही आम्हाला मान्य नाही. त्या आगटीभोवती कोणी बसायचे आणि कोणी दूर उभे राहायचे, हे जात ठरवत असे.

'पण शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ना?' मिळतात, आणि मिळायलाच हवेत. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, दोन्हींचे स्वागत. परंतु विकत घेतलेल्या दिवसाला व्यवहार म्हणावे, संस्कृती म्हणू नये. शिवाय ज्वारी वर्षातल्या एका रविवारच्या हुरड्याने जगत नाही. ती रोजच्या भाकरीने जगते. आणि ती भाकरी आमच्याही ताटातून केव्हाच गेली आहे. मावशींना ती परवडत नाही. आम्हाला परवडते, पण थापण्याचा कंटाळा येतो. या दोन कारणांतले अंतर ज्या लेखनात येत नाही, ते निसर्गाविषयीचे लेखन नव्हे. ती जेवणानंतरची ढेकर होय.

ते टिपण आम्ही मागे घेत आहोत. येत्या पौषात पुन्हा जाऊ, पोटभर खाऊ, पैसे चुकते करू. मात्र लिहायचेच झाले, तर मावशींची त्या दिवसाची मजुरी विचारून तिच्यापासून सुरुवात करू.