कावड कशी उचलावी

श्रावणबाळाची कथा आपण ऐकतो ती दशरथाच्या बाणापर्यंत पोहोचण्यासाठी. त्याआधीचा भाग, म्हणजे दोन वृद्ध अंध माणसांना कावडीत बसवून रानावनातून चालणे, कथेने एका वाक्यात उरकलेला असतो. दोन्ही पारड्यांचा तोल कसा राखला, चढावर खांदा कधी बदलला, आईवडिलांना प्रातर्विधीसाठी कसे उतरवले, हे प्रश्न कथेला पडत नाहीत. भक्ती असली की कौशल्य मागोमाग येतेच, असे तिने धरून चालले आहे. महाभारतातला संजय अंध राजाला युद्ध सांगतो, तेही व्यासांनी दिलेल्या दिव्य दृष्टीच्या बळावर. एकापाशी भक्ती, दुसऱ्यापाशी वरदान. शिकून आलेला कोणीच नाही.

हे गृहीतक पुराणापुरते राहिले असते तर तक्रारीचे कारण नव्हते. आधुनिक काळातल्या, कागदोपत्री नोंद असलेल्या गोष्टीचेही आपण तेच करतो. हेलन केलरची शिक्षिका ॲन सलिव्हन हिला विल्यम गिब्सनच्या नाटकाने शीर्षकातच चमत्कार करणारी ठरवले. वस्तुतः सलिव्हन पर्किन्स या अंधशाळेत शिकून १८८६ साली बाहेर पडली होती. हेलनच्या घरी जाण्यापूर्वी कित्येक महिने ती जुन्या नोंदी वाचत होती. सॅम्युएल हाऊ यांनी लॉरा ब्रिजमन या कर्णबधिर व अंध मुलीला पन्नास वर्षांपूर्वी कसे शिकवले, त्याच्या त्या नोंदी. बोटांची लिपी ती त्याच शाळेत शिकली होती. मार्च १८८७ मध्ये ती हेलनकडे पोहोचली आणि महिन्याभरात पंपाच्या पाण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग घडला. प्रसंग सर्वांना पाठ असतो, वाचनाचे महिने कोणाला आठवत नाहीत. नाटकाला अभ्यास दाखवणे कठीण जाते हे मान्य. पण समीक्षेनेही तो विसरावा, याचे नवल वाटते.

संग्रामपूर हा बुलडाणा जिल्ह्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा, घाटाखालचा तालुका. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर. इथल्या एखाद्या घराची कल्पना करावी. सेरेब्रल पाल्सी असलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, बाप कपाशीत, आई घरी. मुलाला आडवे निजवून भरवले जाते, कारण तान्हेपणापासून तसेच भरवत आले आहेत. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो, मुलगा ठसकतो, आणि छातीचा संसर्ग पुन्हापुन्हा होत राहतो. त्याला आधार देऊन बसते करावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, घास लहान असावा, एक गिळल्यावाचून दुसरा देऊ नये. जाणत्या माणसाने शेजारी बसून हे एकदा करून दाखवले, तर बराच त्रास टळू शकतो. फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवली जाते, दातांत चमचा घातला जातो. वास्तविक कुशीवर वळवणे, तोंडात काहीही न घालणे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणे एवढेच करायचे असते. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला तर दवाखाना. आणि त्या आईची कंबर? वाढत्या मुलाला ती वाकून, हात लांब करून उचलते. गुडघे वाकवून, ओझे अंगाशी धरून उचलावे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. प्रमाणपत्रासाठी ती मुलाला घेऊन मंडळासमोर जाऊन आलेली असते आणि टक्केवारी घेऊन परतलेली असते.

आपला कायदा या बाईला ओळखतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आहे. आईवडील किंवा कुटुंबातील इतर धरून, मोबदला घेऊन वा न घेता काळजी, आधार किंवा मदत देणारी कोणतीही व्यक्ती, असा तिचा आशय. ‘मोबदला घेऊन वा न घेता’ हे शब्द साहित्याच्या विद्यार्थ्यांनी थांबून वाचावेत असे आहेत. शतकानुशतके जे केवळ नाते होते, त्याला इथे काम म्हटले गेले. कलम ४७ मध्ये कुटुंबीय व काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाचे कार्यक्रम सुरू करण्याची तरतूदही आहे. त्याआधीचा, भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा वेगळ्या वृत्तीचा आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने पुनर्वसनाचा व्यवसाय केल्यास त्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. भोंदूंना आवर घालण्यासाठी तो हवाच. परंतु एक कायदा दार राखतो आणि दुसरा घरात डोकावतो. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते, तिथे संग्रामपूरची आई उभी आहे.

ती जागा भरण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ योजना आहे. २०२१ मध्ये पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. तो पुरा करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणायचे ठरले. माझा आक्षेप नावांना आहे. सहयोगी, मित्र, सेविका, आशा. शब्द गोड आहेत, पण यांतला एकही शब्द ऐकून त्या माणसाचा पगार किती, असे विचारावेसे वाटत नाही. गवंड्याला आपण ‘भिंतमित्र’ म्हणत नाही. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते, हा शब्दभेद केवळ हिशेबाचा नाही. सेवा म्हटले की शिकवण्याची गरज उरत नाही आणि मान दिला की दाम देण्याची.

प्रशिक्षणाने माया यांत्रिक होते, ही शंका मी अनेकदा ऐकली आहे, बहुधा ज्यांनी कोणाला उचललेले नाही त्यांच्याकडून. गळ्याचे शिक्षण घेतलेल्या गायिकेचे गाणे कोरडे होते, असे आपण म्हणत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. ‘आसनस्थितीचे व्यवस्थापन’ अशा मराठीत छापलेली पुस्तिका वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात परकीच ठरेल. सातपुड्याच्या कुशीतल्या कोरकू घरात तर अधिकच. शेजारच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते, जिचे कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. इथे शिकवणाऱ्याने पुस्तिका मिटून मुलाशेजारी बसणे बरे. वर्ग गावातच हवा, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नको. आई वर्गात असताना मुलाजवळ कोण बसेल, याची तजवीज वेळापत्रक आखतानाच करावी लागेल.